देवाचं नाव लिहिलेली भूमितीची पुस्तकं

"हात दाखव."

लायब्ररीचं दार उघडलं की पहिलं हे ऐकू यायचं. शालोम नाही, ये बाळ नाही. दाराशी टेबल, टेबलामागे मावशी. मुलाने दोन्ही हात पुढे करायचे, आधी तळवे, मग पालथे. मावशी चष्मा कपाळावर चढवून वाकायच्या आणि चक्क हुंगायच्या. शेंगदाण्याच्या कुरकुऱ्यांचा वास आला की बोट बाहेरच्या नळाकडे. बोलायचं नाही, फक्त बोट.

मी दुसरीत होतो तेव्हा त्यांनी माझे हात हुंगले होते. त्यानंतर मी मोठा झालो, आर्मी केली, अश्दोदला जाऊन लायब्ररीचा एक कोर्स केला, आणि किर्यात मलाखीतल्या त्याच शाळेत, त्याच खोलीत लायब्रेरियन म्हणून परत आलो. मावशी तिथे मदतनीस. म्हणजे कागदावर मी साहेब आणि त्या माझ्या हाताखाली. पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून मी आत शिरलो.

"हात दाखव," मावशी म्हणाल्या.

आणि मी दाखवले! तळवे, मग पालथे. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ तिथे आहे.

नात्याने त्या माझ्या कोणी नव्हत्या. पण आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांत गावातली प्रत्येक मोठी बाई एकतर मावशी नाहीतर मामी. या ठाण्याच्या. साठच्या दशकात नवऱ्याबरोबर इकडे इस्राएलला आल्या आणि येताना तिकडचं मराठी लोणच्यासारखं बरणीत घालून आणलं. मी हिब्रूत बोललो की त्या मराठीत उत्तर द्यायच्या. "मावशी, सगळे बघतायत, हिब्रूत बोला ना," म्हटलं तर म्हणायच्या, "बघू देत. तिकीट आहे का?"

त्यांच्या कामाची पद्धत सांगतो. कोर्समध्ये मला शिकवलं होतं की पुस्तकं विषयाच्या नंबरांप्रमाणे लावायची. मावशी उंचीप्रमाणे लावायच्या. डावीकडे बुटकी, उजवीकडे उंच. इतिहासाशेजारी स्वयंपाक, स्वयंपाकाशेजारी बेडूक.

"मावशी, ही काय रीत आहे?"

"प्रार्थनेला मुलं कशी उभी करतात? उंचीने. मग कोण कुठे आहे ते लगेच दिसतं."

"पण विषय?"

"विषय आत असतो. बाहेरून उंची दिसते."

मी चार दिवस खपून एक अख्खी भिंत नंबरांप्रमाणे लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उंचीने उभी. परत लावली, परत उंचीने. आणि गंमत बघा, मुलाने कुठलंही पुस्तक मागितलं की मी नंबर शोधत बसायचो, आणि मावशी जागेवरून न उठता सांगायच्या, "खिडकीकडून तिसरी फळी, हिरवं, कोपरा उंदराने खाल्लेलं." तिथेच असायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे पडलेलं पुस्तक. आमच्या धर्मात प्रार्थनेचं पुस्तक खाली पडलं तर उचलून त्याचा मुका घेतात. तिकडे हिंदुस्थानात पुस्तकाला पाय लागला तर हात लावून डोळ्यांना लावतात. मावशींनी दोन्ही एकत्र केलं आणि सगळ्या पुस्तकांना लागू केलं. त्यामुळे आमच्या शाळेत गणिताचं पुस्तक पडलं तरी मोरोक्कन, रशियन, इथिओपियन, कुठलंही पोर असो, पटकन उचलून आधी मुका, मग डोळ्यांना. नवीन मास्तर घाबरायचे. त्यांना वाटायचं मुलांना गणित फारच आवडतं.

आता माझ्याबद्दल एक कबुली. मला नकला येतात. लहानपणापासून. सिनेगॉगचा खजिनदार, बसचा ड्रायव्हर, आमची आई, कोणीही. टीचर्स रूममध्ये माझी मावशींची नक्कल फार चालायची. "अरे मेल्या, हे पुस्तक आहे, भाकरी नाही! मधूनच काय दुमडतोस!" लोक चहा सांडेपर्यंत हसायचे. मला वाटायचं, मावशींना कळत नाही.

डिसेंबरात, हनुक्क्याच्या सणाच्या सुमाराला आमच्या मुख्याध्यापिकेने मला बोलावलं. ही बाई रोज अश्दोदहून गाडीने यायची, कायम घाईत असायची आणि सगळ्यांना मोतेक म्हणायची, म्हणजे गोडुल्या. गोडुल्या म्हणायला लागली की समजायचं, काहीतरी कडू येतंय.

"मोतेक," ती म्हणाली, "पेसाखच्या सुट्टीत कॉम्प्युटर येतायत. मला लायब्ररीची मागची भिंत रिकामी पाहिजे. जुनी पुस्तकं काढून टाक. वर्षाच्या शेवटी तुझ्या कवियूतचा कागद माझ्याकडेच येणार आहे."

कवियूत म्हणजे नोकरी पक्की होणं. आमच्या घरात तोपर्यंत कोणाची नोकरी पक्की झाली नव्हती. वडील फॅक्टरीतून दोनदा घरी बसले होते. आई तो शब्द बाळाचं नाव घेतल्यासारखा घ्यायची. म्हणजे ती भिंत रिकामी होणं हे मला किती हवं होतं ते समजा.

मी सव्वातीनशे पुस्तकं निवडली. पाठी तुटलेली, पानं पिवळी, भूमितीची एकाच जातीची चाळीस, तीसुद्धा मी स्वतः शिकलो त्याच्या आधीची. खाली जमिनीवर ढीग लावले. सकाळी येऊन बघतो तर ढीग गायब आणि सगळी पुस्तकं परत फळ्यांवर. उंचीने.

"मावशी, ही टाकायची आहेत!"

"जमिनीवर?"

"जमिनीवर, आभाळात, कुठेही! मुख्याध्यापिकेची ऑर्डर आहे."

"मग तिला सांग उचलायला."

असं तीनदा झालं. मी ढीग लावायचो, त्या भिंत लावायच्या. दर वेळी मी म्हणायचो, "मावशी, आपण शांतपणे बोलू या," आणि बोलायचो. त्या थर्मासमधून चहा ओतून घ्यायच्या, एकच कप, स्वतःपुरता, आणि माझं संपेपर्यंत पीत बसायच्या. शेवटी मी पुस्तकं खोक्यांत भरली आणि खोकी बाकावर रचून वर चिकटपट्टी मारली. ती मात्र सकाळी तशीच बंद दिसली. मला वाटलं, जिंकलो.

मग आला पुरीम. पुरीमला वेष घालायचे, चेष्टा करायची, सगळं माफ. शाळेच्या लाउडस्पीकरवर त्या दिवशी कोणीही जाऊन काहीही बोलतं. मी गेलो आणि मावशींच्या आवाजात, त्यांच्या ठाण्याच्या हिब्रूत बोललो:

"सगळ्यांनी ऐका. ज्याच्या घरी लायब्ररीचं पुस्तक आहे त्याने उद्या आणावं. नाही आणलं तर मी घरी येईन. पलंगाखाली बघेन. कोण कुठे झोपतं ते मला माहीत आहे."

सगळी शाळा हसली, घरोघरी बातमी गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी रांग! पन्नासेक पुस्तकं परत आली. एक सैनिक युनिफॉर्ममध्ये आला, खांद्याला बंदूक, हातात तिसरीत नेलेलं माकडांचं पुस्तक. माझ्या आईनेसुद्धा एक पाठवलं. तो आवाज माझा होता हे रांगेतल्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मावशींना मात्र बरोबर कळलं होतं. त्यांनी सगळी पुस्तकं घेतली, सगळ्यांचे हात बघितले, आणि रांग संपल्यावर माझ्याकडे बघून थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या.

बोलेनाशा म्हणजे थेट नाही. मी दोन हातांच्या अंतरावर बसलेला असायचो आणि त्या जवळच्या कुठल्यातरी मुलीला सांगायच्या, "त्या साहेबांना सांग, त्यांची खुर्ची वाटेत आहे." ती बिचारी वळून मला सांगायची, "खुर्ची वाटेत आहे." मी म्हणायचो, "त्यांना सांग, खुर्ची गेली वीस वर्षं तिथेच आहे." असं सगळं तिसऱ्याच्या तोंडून. मुलांना वाटलं हा खेळ आहे, मधे उभं राहायला नंबर लावायची.

एकदा मी कॅन्टीनमधून परत येत होतो तर आतून माझाच आवाज ऐकू आला. अगदी माझा! "रेगा, रेगा, मावशी, एक मिनिट, आपण शांतपणे बोलू या." मग पेनची टिकटिक, तीही माझी. "आपण दोघांनी मिळून ठरवू या. मी ठरवलंय की..." आणि मग तो आवाज बोलतच सुटला, कोणाला तोंड उघडू न देता, मधेच स्वतःलाच "बरोबर? बरोबर" म्हणत. मुलं लोळत होती. मी दाराआड उभा. मावशी माझी नक्कल करत होत्या, आणि माझ्या कुठल्याही नकलेपेक्षा ती चांगली होती. मी आवाजाची नक्कल करायचो. त्यांनी माणसाची केली.

मी आत गेलो नाही. जाऊन परत एक कॉफी घेतली.

तेवढ्यात मुख्याध्यापिकेने पुन्हा बोलावलं. "मोतेक, त्या बाईचं तुझ्याशी जमत नाही असं ऐकते. दीड वर्षाने ती रिटायर होणारच आहे. तू मला एक तक्रारीचं पत्र दे, मी तिला आत्ताच घरी पाठवते. तुझ्या कवियूतलाही बरं पडेल."

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. घरी जाऊन लिहिलं मात्र. अर्धं पान. दप्तरात ठेवलं आणि चार दिवस ते दप्तरासकट इकडून तिकडे फिरवत राहिलो. आईने विचारलं, "काय रे, ताटातलं तसंच का?" मी म्हणालो, शाळेत खाल्लं.

पेसाखच्या आधीचा शेवटचा शुक्रवार. या मोठ्या सणाआधी सगळा देश घरं धूत असतो, नगरपालिकेचे ट्रक जुनं सामान उचलत फिरत असतात. मी एक ट्रक दहा वाजता बोलावला होता. कॉम्प्युटर सुट्टीत, रविवारीच येणार होते. ड्रायव्हर मोरोक्कन, पाठ दाराएवढी, डोक्यावर किप्पा, म्हणजे धार्मिक माणसाची छोटी टोपी. त्याने पहिलं खोकं उचललं आणि त्याचं बूडच फाटलं. पुस्तकं खाली धडाधडा. तो वाकला, एक उचललं, सवयीने मुका घेतला, उघडलं, आणि तसाच राहिला.

"अही," म्हणजे भावा, तो मला म्हणाला, "हे मी नेत नाही."

"का?"

त्याने पहिलं पान दाखवलं. भूमिती, इयत्ता आठवी. वर निळ्या शाईत, एकेक अक्षर पाटीवर गिरवल्यासारखं, शेमा या आमच्या प्रार्थनेची पहिली ओळ.

आमच्या लोकांचं असं आहे की कोकणात तेलाचे घाणे चालवता चालवता हिब्रू विसरले, पुस्तकं विसरले, सगळं विसरले, पण शेमाची ओळ विसरले नाहीत. जन्माला तीच, मरतानाही तीच. आणि त्या ओळीत देवाचं नाव आहे. नाव लिहिलेला कागद कचऱ्यात टाकता येत नाही. तो गनीज़ात जातो, म्हणजे जीर्ण पोथ्या साठवून कब्रस्तानात पुरतात तिथे.

मी दुसरं पुस्तक उघडलं. शेमा. तिसरं, शेमा. बेडकांचं पुस्तक, शेमा. खोकी उलटी करून, खालून उघडून, पट्टी परत चिकटवून, सव्वातीनशेच्या सव्वातीनशे पुस्तकांवर! म्हणजे पुरीमपासून रोज मी घरी गेल्यावर त्या थांबून हे करत होत्या.

ड्रायव्हर हात वर करून म्हणाला, "डेपोत नेऊन टाकू म्हणतोस? पेसाखच्या तोंडावर? मला पाच मुलं आहेत."

मावशी टेबलामागे बसून चहा पीत होत्या. माझा पार तोल सुटला. जवळ मूलबिल कोणी नव्हतं, म्हणून थेटच ओरडलो. "मावशी, माझी नोकरी जाणार! कळतंय? रविवारी कॉम्प्युटर येणार, भिंत रिकामी नाही, खोकी जात नाहीत, मी गेलो!"

महिन्याभरात पहिल्यांदा त्या माझ्याशी बोलल्या. "हा ट्रक कुठे जाणार होता?"

"कचऱ्याच्या डेपोत."

"तेच ते."

"मग काय पाहिजे तुम्हाला? ही कायमची ठेवायची?"

"ठेवायची कशाला? कुजलीत. मला शिंका येतात त्यांनी."

"पण तुम्हीच तर ती परत फळ्यांवर लावायचात!"

"तू जमिनीवर ठेवायचास म्हणून! पाय लागत होते पोरांचे. बाकावर ठेवलीस तेव्हा मी परत फळीवर लावली का? बोल, लावली?"

"मग आधी सांगायचं ना!"

"मला विचारलंस कधी?" मग पेनची टिकटिक आणि माझाच आवाज: "मावशी, आपण शांतपणे बोलू या." आणि परत स्वतःच्या आवाजात, "बोललास कायम तूच."

ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं, पण तो हसला. मला वाटतं नक्कल त्यालाही कळली. मी त्याला हिब्रूत सांगितलं की बाईंना पुस्तकं नीट पुरून हवी आहेत, बाकी काही नाही.

"एवढंच?" तो म्हणाला. "माझा मेव्हणा कब्रस्तानात कामाला आहे. गनीज़ाचा खड्डा आज खणलाय, पेसाखची साफसफाई म्हणून. संध्याकाळी शब्बाथ लागायच्या आधी तो बुजवणार. चला, उचला!"

ट्रकच्या पुढच्या सीटवर आम्ही तिघं. ड्रायव्हर, मधे मी, पायाशी दप्तर, खिडकीशी मावशी, मांडीवर पर्स आणि थर्मास. जाताना त्यांनी आपणहून सांगितलं, समोरच्या काचेकडे बघत. त्यांचे वडील ठाण्याला शाळेत मास्तर होते. इकडे यायच्या वेळी सामानाचं वजन जास्त झालं, म्हणून वडिलांची सगळी पुस्तकं रद्दीवाल्याला दिली. दोन दिवसांनी स्टेशनबाहेर शेंगदाणे घेतले, तर पुडीवर वडिलांची सही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय?"

"काय केलंत?"

"शेंगदाणे खाल्ले. भूक लागली होती. आणि पुडी आणली इकडे, ट्रंकेत आहे."

मेव्हण्याने खड्ड्याशी पहिलं पुस्तक उघडून बघितलं आणि म्हणाला, "भूमिती?" ड्रायव्हरने बोटाने वरची ओळ दाखवली. मेव्हण्याने अजून दोन उघडून बघितली. फाटक्या प्रार्थनेच्या पुस्तकांच्या ढिगाशेजारी आमची ती मंडळी. मग म्हणाला, "नाव आहे म्हणजे नाव आहे. द्या इकडे." मावशी एकेक हातात देत होत्या आणि देताना ओळख करून देत होत्या. "हिला तीनदा बायंडिंग केलं. याच्यावर एक पोर ओकलं होतं, मी उन्हात वाळवलं. हे कोणी कधीच नेलं नाही, बिचारं." एक वाजेपर्यंत खड्डा भरला. मेव्हण्याने माती ओढली. मावशी हात झटकत म्हणाल्या, "झालं. गेली नीट." माझ्या खांद्यांवर जे काय होतं ते तिथेच उतरलं. भिंत रिकामी होती. भूक लागली होती. चार दिवसांत पहिल्यांदा.

परत येताना त्यांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "ते पत्र दिलंस का?"

"कुठलं पत्र?"

"नाटक नको. मुख्याध्यापिकेने मागितलेलं. माझ्याबद्दल."

"लिहिलंय," मी म्हणालो. "दिलं नाही."

"बघू."

मी दप्तरातून काढून दिलं. त्यांनी चष्मा खाली घेतला, वाचलं, उलटून पाठीमागे बघितलं. "एवढंच? अर्धं पान? इतकी वर्षं मी एवढीच वाईट?" मग पर्स उघडली आणि घड्या घातलेले कागद माझ्या मांडीवर टाकले. "तिने माझ्याकडेही मागितलं होतं. तुझ्याबद्दल. म्हणाली, नवीन पोरगा जमत नसेल तर लिहून द्या, वर्षाच्या शेवटी बदलते."

चार पानं होती. दोन्ही बाजूंनी. लाउडस्पीकर, टीचर्स रूममधल्या नकला तारखांसकट, पेनची टिकटिक, तिसरीत मी पुस्तकात काढलेली मिशी.

"चार पानं, मावशी!"

"तुझ्यात होतंच तेवढं. मी काय करू?"

आधी ड्रायव्हर हसला, कशाला ते त्याला माहीत नव्हतं. मग मी. मग मावशी, पर्स पोटाशी धरून, आवाज न करता, नुसत्या हलत. हसू थांबल्यावर मी दोन्ही पत्रं एकत्र करून फाडायला घेतली, आणि थबकलो. दोन्हींच्या डोक्यावर सवयीने 'देवाच्या मदतीने' याची तीन हिब्रू अक्षरं लिहिलेली होती. मी ड्रायव्हरला कागद दाखवला.

त्याने सिग्नलला वाकून बघितलं. "ही नुसती आद्याक्षरं आहेत, अही. नाव नाही. फाड."

फाडली. खिडकी उघडीच होती, मी मावशींच्या पुढून हात बाहेर काढला.

"ए!" मावशींनी माझं मनगट पकडलं. "रस्त्यात टाकतोस? लाज नाही?"

शाळेच्या फाटकाशी उतरल्यावर त्यांनी माझ्या मुठीतले तुकडे काढून घेतले, सगळे, एकही न सांडता. फाटकाशेजारी नगरपालिकेचा हिरवा डबा होता, पेसाखच्या कचऱ्याने वाहणारा. मावशींनी झाकण उचललं, तुकडे आत टाकले, वरून जरा दाबले, आणि फ्रॉकला हात पुसत म्हणाल्या, "हा मात्र कचराच."